बँक डी, पॅड बारा

१२ जानेवारी २०२५
कारागृहातून

प्रिय मेघनाताई,
जय भीम.

मंगळवारी तू भेटायला आलेलीस, पण काचेपलीकडच्या त्या फोनवर मला तुझं अर्धंच ऐकू आलं. बाजूला सहा-सात जण एकदम ओरडत होते. लॅबला परत सुट्टी टाकू नकोस, पत्र लिही. इथे उघडून वाचतात, शिक्का मारतात, पण पोचतं.

आईला सांग, मी नीट जेवतो. २२ डिसेंबरचं तुला सांगितलंच आहे. डोंबिवलीच्या मैदानावर साउंड चेक चालू होता, सुदेश आणि बाकीचे जेवायला गेलेले. मी माझ्या तालाच्या मशीनवर, कानाला हेडफोन, पाठ वळलेली. चांगदेवदादा वायरीत पाय अडकून स्टेजवरून खाली गेले आणि डोकं लोखंडी पाइपावर आपटलं. मशीन आणल्यापासून आमची कुरबुर चाललेली, म्हणून त्यांच्या बायकोने, गंगूवहिनींनी, पोलिसांत माझंच नाव दिलं. त्यांची बाजू मी समजू शकतो.

आता कामाचं. १४ एप्रिलला जयंतीचा कार्यक्रम आहे. ढोलकीला दादा नाहीत, ते हॉस्पिटलात; मशीनला मी नाही, एकटा सुदेश कीबोर्डवर काय काय करणार? सॅम्पलर, म्हणजे आवाज भरून तालावर वाजवायची ती मशीन, त्याने तुझ्याकडेच आणून ठेवलाय. तो तू शिक. कोरसमध्ये इतकी वर्षं गायलीस, ताल तुझ्या अंगात आहे.

मशीनवर सोळा चौकोनी पॅड आहेत. वरती ए, बी, सी, डी ही चार बटणं, त्यांना बँक म्हणतात. चार कपाटं आणि प्रत्येकात सोळा खण, असं समज. लाल बटण दाबून एखादा पॅड दाबलास की त्या खणात आवाज भरायला लागतो. आत आधीचं काही असेल तर ते पुसलं जातं, त्याची काळजी करू नको. तू बँक डी, पॅड १२ घे. टाळ्या वाजव, डबा वाजव, काहीही. चांगलं दोन-तीन मिनिटं भर आणि सेव्ह कर. बाकीच्या खणांना हात लावू नकोस, त्यांत कार्यक्रमाचं सामान आहे.

झालं की मला कळव.

तुझा,
महेंद्र


२१ जानेवारी २०२५
कळवा

प्रिय महेंद्र,
जय भीम.

तुझं पत्र मिळालं. आईला दोनदा वाचून दाखवलं. मशीनचा भाग आला की ती उठून आत जाते. तिला वाटतं, हे सगळं त्या डब्यामुळे झालं.

रविवारी मी तुझा सॅम्पलर जेवणाच्या टेबलावर मांडला. लॅबमध्ये रक्त तपासायच्या मोठमोठ्या मशिनी चालवते, पण याच्यापुढे नुसती बघत बसले. इतकी बटणं आणि एकालाही मराठीत नाव नाही. शेवटी लाल बटण दाबून डब्यावर चमचा वाजवला. तो आवाज जसाच्या तसा परत ऐकू आला तेव्हा मी आईला हाक मारली, पण ती आली नाही.

तो गोल फिरवायला लावला तर प्रत्येक फेरीत ठेच लागते. चार ठोके बरे जातात, पुढचा लंगडतो. असं का होतं? मी पॅड दोनवर केलं. तुझ्या आकड्यावर नेमका शिक्का बसलाय, त्यामुळे दोनच वाचता आला. दुसरं असं, की सुदेश म्हणतो असा फिरणारा तुकडा, लूप, चार-पाच सेकंदांचा असतो. मग दोन-तीन मिनिटं कशाला भरायची?

चांगदेवदादांना घरी आणलंय, आंबिवलीला. शुद्धीवर आहेत, पण त्या दिवसाचं त्यांना काही म्हणजे काही आठवत नाही.

तुझी,
ताई


२९ जानेवारी २०२५
कारागृहातून

प्रिय ताई,
जय भीम.

दोन नाही, बारा. एकावर दोन. या वेळी अक्षरात लिहितो: बँक डी, पॅड बारा. दोनवर टाळ होता, तो गेला तर गेला.

ठेच लागते कारण तू शेवट चुकीच्या जागी तोडतेस. केरव्याच्या आठ मात्रा असतात. आठवी संपते आणि पुढची सम, म्हणजे पहिला ठोका, पडणार, तिच्या केसभर आधी कापायचं. समेवर कापलंस तर सम दोनदा वाजते. फार आधी कापलंस तर मात्रा तुटते आणि लंगडतं. स्टार्ट आणि एंड अशा दोन गोल चकत्या आहेत. आधी स्टार्टची फिरव, पहिला ठोका अगदी काठावर आण. मग एंडची. डोळ्यांनी स्क्रीनकडे बघू नको, डोळे मिटून कर. पाय आपोआप पडायला लागला की जमलं.

लांब रेकॉर्ड केलं की त्यातला सगळ्यात साफ तुकडा निवडता येतो. सुदेशला यातलं काय कळतं?

बारावर कर आणि लगेच लिही. दादांना काय काय आठवतंय, तेही लिही.

महेंद्र


९ फेब्रुवारी २०२५
कळवा

प्रिय महेंद्र,
जय भीम.

जमलं. तू म्हणालास तसे डोळे मिटले आणि चकती फिरवत राहिले. चाळिसाव्या की पन्नासाव्या खेपेला ठेच एकदम गेली. पाच मिनिटं डबा नुसता फिरत होता आणि मी त्यावर कोरसच्या ओळी म्हणत होते. शेजारच्या सान्वीने येऊन विचारलं, काकू, घरी कोण आलंय वाजवायला? गेल्या दोन महिन्यांत मी पहिल्यांदा हसले.

हे मी पॅड तेरावर केलं. रागावू नकोस. बाराखाली दिवा लागतो, म्हणजे आत आधीच काहीतरी आहे. जरासं दाबून पाहिलं तर ढोलकी वाजली. आमच्या लॅबमध्ये भरलेल्या बाटलीत दुसरा नमुना ओतत नाहीत, आधी लेबल बघतात. तेरा रिकामा होता.

परवा तुझ्या वकीलबाईंकडे जाऊन आले. जामिनाची सुनावणी सहा मार्चला आहे. अर्ज त्यांनी मला वाचायला दिला. त्यात लिहिलंय की चांगदेवदादा त्या दुपारी दारूच्या अंमलाखाली होते. सुदेश म्हणतो, दादांनी दहा वर्षांत थेंब घेतलेला नाही. हॉस्पिटलात नेलं तेव्हा आधी जीव वाचवायचा होता, ती तपासणी झालीच नाही. म्हणजे हे फक्त तुझ्या सांगण्यावरून आहे. तुला वास आलेला का?

दादांना अजून काही आठवत नाही.

तुझी,
ताई


१६ फेब्रुवारी २०२५
कारागृहातून

ताई,

मी काय सांगतोय ते तू ऐकत का नाहीस? बारा म्हणजे बारा. त्यातली ढोलकी खराब आहे, कामाची नाही. आतलं मेमरी कार्ड भरलं की मशीन मध्येच अडकते, ऐन कार्यक्रमात अडकली तर काय करशील? हे पत्र हातात पडलं की आधी ते कर. लाल बटण, पॅड बारा, तीन मिनिटं, सेव्ह. ऐकत बसू नकोस.

वासाचं म्हणशील तर वकीलबाईंनी विचारलं आणि मी म्हटलं, असू शकेल. धडधाकट माणूस उगाच स्टेजवरून पडतो का? त्यांनी ते त्यांच्या भाषेत लिहिलं. केस अशीच लढवतात.

इथे एका बराकीत किती जण आहोत ते तुला लिहीत नाही. रात्री कुशीवर वळायचं तर शेजाऱ्याला सांगावं लागतं. मला सहा तारखेला बाहेर यायचंय. एवढं एक काम कर.

महेंद्र


२४ फेब्रुवारी २०२५
कळवा

महेंद्र,

काल आईला झोपवून मी हेडफोन लावला आणि बारा शेवटपर्यंत ऐकला. नऊ मिनिटं वीस सेकंद. दुसऱ्यांदाही ऐकला, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही.

आत काय आहे ते इथे लिहीत नाही. तुझी पत्रं वाचली जातात, हे तूच मला सांगितलंस. इतकंच लिहिते, की त्यात दादांची ढोलकी आहे, दादांचा आवाज आहे आणि तुझाही आहे. तू मला जे सांगितलंस, आईला सांगितलंस, वकीलबाईंना सांगितलंस, ते त्यात नाही.

गेला दीड महिना मला वाटत होतं की माझा भाऊ आत बसूनही मला काहीतरी शिकवतोय. मी डबा वाजवत होते आणि तुझ्या शाबासकीची वाट बघत होते. तू मला शिकवत नव्हतास, महेंद्र. तू माझ्या हातून पुसून घेत होतास.

मी त्यावर काही भरलेलं नाही. मशीन टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलीय.

मेघना


४ मार्च २०२५
कारागृहातून

ताई,

तुझं पत्र पाच दिवस खिशात ठेवून फिरतोय.

तू जे ऐकलंस ते सगळं खरं नसतं. माइकला नुसतं ऐकू येतं, दिसत नाही. माणूस रागात काय बोलतो आणि त्याला काय करायचं असतं, हे दोन्ही वेगळं. मला ते करायचं नव्हतं. तुला मी ठाऊक आहे. लहानपणी तुझ्या हाताखालीच वाढलो.

आईचा विचार कर. मला सात-आठ वर्षं झाली तर ती तोवर असेल का? आणि दादांचं काय बदलणार आहे? त्यांना आठवत नाही, एका अर्थी ते सुखी आहेत. जिथे दुखत नाही तिथे मुद्दाम बोट कशाला घालायचं?

परवा सुनावणी आहे. तू कोणाला काही बोलली नाहीस ना? त्या खणाचं काय करायचं ते तुला माहीत आहे. मी पाया पडतो.

महेंद्र


१२ मार्च २०२५
कळवा

महेंद्र,

जामीन फेटाळला, ते तुला कळलंच असेल. वकीलबाई एप्रिलमध्ये पुन्हा अर्ज करणार आहेत. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

दादा सुखी आहेत असं तू लिहिलंस, म्हणून रविवारी मी आंबिवलीला गेले. जायला नको होतं, आरोपीची बहीण म्हणून उद्या कोणी काहीही म्हणेल. गंगूवहिनींनी दार उघडलं आणि तसंच धरून उभ्या राहिल्या. आतून दादाच म्हणाले, येऊ दे तिला.

त्यांचा उजवा हात मांडीवर ठेवलेला असतो. डाव्या हाताने उचलून ठेवतात. डॉक्टर म्हणतात, थोडा परत येईल, किती ते सांगता येत नाही. पण ते हाताबद्दल बोललेच नाहीत. त्यांनी मला विचारलं, "मेघना, मी त्या दिवशी प्यायलो होतो का गं? सगळे तसंच म्हणतात."

दारूची गोष्ट कोर्टातून त्यांच्या घरापर्यंत पोचलीय. त्यांच्या मुलीच्या, अक्षदाच्या सासरी तेच बोललं जातं. जावई बघायला आला तो दारातूनच टोमणा मारून गेला. दहा वर्षांपूर्वी त्यांनी सोडली तेव्हा गंगूवहिनी सहा महिने त्यांच्याबरोबर कामावर जायच्या आणि बरोबर परत यायच्या. आता त्याच वहिनी त्यांच्याशी नीट बोलत नाहीत. दादा म्हणाले, "मला आठवतच नाही, तर नाही कसं म्हणू? प्यायलो असेन. नाहीतर पंचवीस वर्षं स्टेजवर उभा राहिलेला माणूस पडेल कसा?"

मी चहा तसाच ठेवून उठले. माझ्या कपाटात उत्तर होतं आणि मी तिथे मान खाली घालून बसले होते.

म्हणून ऐक. तीस तारखेपर्यंत तू स्वतः वकीलबाईंना बोलावून सांग. नाहीतर एकतीसला मी मशीन घेऊन त्यांच्याकडे जाते. आईला काय सांगायचं ते माझ्यावर सोड.

मेघना


२६ मार्च २०२५
कळवा

महेंद्र,

चौदा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. तुला पत्र मिळालं नाही की तू लिहीत नाहीस, ते मला कळायला मार्ग नाही. लॅबमधून घरी आले की आधी कपाट उघडून बघते. काल आई विचारत होती, त्यात असं काय ठेवलंयस?

खोटं कशाला बोलू. परवा मशीन बाहेर काढली आणि लाल बटणावर बोट ठेवून बसले. तीन मिनिटांचं काम होतं. तू सुटला असतास आणि मी तुझ्याकडे कधी बघू शकले नसते. बोट काढलं.

एकतीसला मी जाणार आहे.

ताई


२ एप्रिल २०२५
कारागृहातून

प्रिय ताई,
जय भीम.

पत्र मिळालेलं. रोज कागद घेऊन बसायचो आणि रोज एकच वाक्य लिहायचो, की ताई, नको. ते फाडायचो.

एकोणतीसला वकीलबाईंना बोलावलं आणि सांगितलं. एकतीसला तू पोचलीस तेव्हा त्यांना माहीत होतं, हे तुला त्यांनी सांगितलंच असेल. आता लपवायचं काही राहिलं नाही, म्हणून इथेच लिहितो. वाचणाऱ्यांनी वाचावं.

मी दादांना म्हटलं, साउंड चेकसाठी वाजवा, लेव्हल बघतो. ते आठ मिनिटं वाजवत होते आणि मी भरून घेत होतो. केरवा, दादरा, उठाण, तिहाई, सगळं. मध्येच मी म्हटलंसुद्धा, आज काय साफ हात पडतोय. मग त्यांनी विचारलं, हे कशाला घेतोयस? मी खरं सांगून टाकलं. म्हटलं, जयंतीपासून हे मशीनच वाजवेल, तुम्ही आता घरी आराम करा. मला वाटलं, माणूस वयाने मोठा आहे, समजून घेईल. ते म्हणाले, "माझाच हात घेऊन मलाच घरी बसवतोस?" आणि वायर ओढायला पुढे आले. मी त्यांना ढकललं. दोन्ही हातांनी. मागे स्टेज संपतो हे मला ठाऊक होतं, पण त्या क्षणी डोक्यात फक्त मशीन होती.

ते पडल्यावर मी जागचा हललो नाही. किती वेळ ते मला माहीत नव्हतं. तू ऐकलंयस, तुला माहीत असेल. मग धावलो. खालून वर बघितलं तर लाल दिवा चालूच होता. एका खणात मावतं तेवढं झाल्यावर भरणं आपोआप थांबलं असणार. नंतर सुदेशने सगळं आवरलं, त्यानेच नकळत सेव्ह केलं असणार. तेव्हापासून तो दिवा माझ्या डोळ्यांसमोरून गेला नाही.

दारूचं मी शोधून काढलं. वास आला नव्हता. ते लेखी मागे घेतलंय.

वकीलबाई खूप चिडल्या. मग म्हणाल्या, रेकॉर्डिंगवरून जीव घ्यायचा हेतू नव्हता असं दिसलं तर कलम हलकं होऊ शकतं, पण भरवसा देत नाही. मी भरवसा मागितलाही नाही.

तुझ्या हातून पुसून घेत होतो, हे तू लिहिलंस ते बरोबर आहे. पण लूप कापायचं मी तुला मनापासून शिकवलं. तेवढं खरं मान.

तुझा,
महेंद्र


१९ एप्रिल २०२५
कळवा

प्रिय महेंद्र,
जय भीम.

अकरा सेकंद. तू विचारलं नाहीस, पण तुला ते माहीत असायला हवं. ते पडल्याचा आवाज आणि तुझी "दादा" ही पहिली हाक, यांच्यामध्ये अकरा सेकंद आहेत.

आठ तारखेला पोलिसांनी मशीनचा पंचनामा केला. ऐकल्याशिवाय लिहायचं काय, आणि ती चालवता कोणालाच येईना. तपास करणारे साहेब म्हणाले, उगाच भलतं बटण दाबलं जायचं. वकीलबाईंनी माझं नाव सांगितलं. सगळ्यांनी परवानगी दिल्यावर मला खुर्चीवर बसवलं. दोन पंच, कॅमेरा धरलेला एक हवालदार, सुदेश, आणि समोरच्या बाकावर दादा आणि गंगूवहिनी. त्यांना आवाज ओळखायला बोलावलं होतं.

लाल बटण आणि पॅड बारा यांच्यात अर्ध्या बोटाचं अंतर आहे. घरी ते कधी जाणवलं नव्हतं. कॅमेऱ्यासमोर मी मोठ्याने बोलत गेले: आता बँक डी दाबते, आता पॅड बारा दाबते. उजवं मनगट डाव्या हाताने धरून मी पॅड दाबला.

ढोलकी सुरू झाली. दादा मान खाली घालून ऐकत होते. दोन-तीन मिनिटांनी त्यांनी मान वर केली. डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर पडायला लागली. आठ मिनिटांत एक मात्रा कुठे घसरली नाही. एक पंच नकळत मान डोलवत होता, मग त्याने स्वतःला आवरलं. पुढे तुझं बोलणं आलं, त्यांचं आलं, आणि मग ते आलं. मी ते अकरा सेकंद भिंतीकडे बघत काढली.

संपल्यावर साहेबांनी विचारलं, आवाज तुमचाच का? दादा वहिनींकडे वळले आणि म्हणाले, "ऐकलंस ना? हा प्यायलेल्या माणसाचा हात नाही." वहिनींनी पदर तोंडाला लावला. मग त्यांचा तो उजवा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि पंचनामा लिहून होईपर्यंत सोडला नाही.

मशीन सीलबंद करून पोलिसांनी ठेवून घेतली. चौदाला सुदेशने कीबोर्डवरच निभावलं. मी कोरसला उभी राहिले. कार्यक्रम साधाच झाला. आईला मी सगळं सांगितलं. तिने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, तिसऱ्या दिवशी म्हणाली की मी चांगदेवच्या बायकोकडे जाऊन येते. गेली. काय बोलल्या दोघी, ते मला सांगत नाही. तुझा नवा अर्ज जूनमध्ये लागेल. तुला सोडतीलच असं वकीलबाई म्हणत नाहीत आणि मीही तुला म्हणणार नाही.

एक राहिलं. पंचनाम्यानंतर दादांनी मला बाहेर व्हरांड्यात थांबवलं. म्हणाले, "त्याला लिही, मी तक्रार मागे घेणार नाही. माझा हात गेलाय." मी हो म्हटलं. ते पायऱ्या उतरायला लागले आणि वहिनींना थांबवून पुन्हा मागे वळले. "आणि हेही लिही, की जेव्हा केव्हा सुटेल तेव्हा आधी आंबिवलीला ये म्हणावं. मशीनमधून ऐकलं ते ऐकलं. आता त्याने माझ्यासमोर बसून सांगायचं."

येशील का, असं त्यांनी विचारलं नव्हतं. तरी तुझ्या वतीने मी त्यांना हो म्हणून आले आहे.

तुझी,
ताई